दोरीवर वाळत घातलेली चित्रं

अहेरीच्या शाळेत मी चित्रकला शिकवत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल. घर बल्लारपूरला. बाबा पेपर मिलमध्ये कामाला, त्यामुळं घरात बाकी कशाची ओढाताण असली तरी कागद कधी कमी पडला नाही. नागपूरला राहून चित्रकलेचं शिक्षण घेतलं आणि पहिली नोकरी लागली ती थेट अहेरीला. शाळा सुटली की मी कागद घेऊन बसायचे. आठवडी बाजार, भाताच्या रोवणीला वाकलेल्या बाया, जंगलखात्याचे लाकूड ओढणारे हत्ती, मार्कंड्याची देवळं आणि त्यांच्या पायाशी वळलेली वैनगंगा, जे दिसेल ते काढायचे. चित्र झालं की खाटेखाली सरकवून ठेवायचे. ते बघणार कोण, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नव्हता.

वर्षातून एकदा चंद्रपूरला कलाशिक्षकांचं प्रदर्शन भरायचं. आदल्या वर्षी मी त्यात चित्रं लावली होती. मोठा हॉल, उंच खिडक्या, चपला बाहेर. पाहुण्यांनी फीत कापली, मग सगळे हात पाठीमागं बांधून भिंतीकडेनं चालू लागले. प्रत्येक चित्रापुढं क्षणभर थांबायचं, मान हलवायची, पुढं सरकायचं. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दुपारी जेवायची वेळ झाली तसा हॉल रिकामा झाला आणि चपराशानं पंखे बंद केले. मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. चित्रं अशीच बघतात, अशी माझी समजूत होती. त्या हॉलमधे माझं नाव लिहिलेली चिठ्ठी चित्राखाली लागली, याचाच मला केवढा आनंद झाला होता.

दुसऱ्या वर्षी श्रावणात पुन्हा बोलावणं आलं. मी निवडक चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवली, मधे जुनी वर्तमानपत्रं घातली, वरून मेणकापड गुंडाळलं आणि सकाळच्या एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "बाई, गठ्ठा टपावर टाकून देऊ का?" बाहेर झड लागलेली. मी म्हटलं, "नको भाऊ, पायाशीच राहू द्या."

आलापल्ली मागं पडली. पुढं दोन्ही बाजूंनी सागाचं रान. पानांवर पाऊस एवढ्या जोरात वाजत होता की इंजिनचा आवाज बुडून जात होता. आष्टी अजून दूर होती तेव्हा ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि थांबवली. समोरच्या नाल्याला पूर. रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, मातकट पाणी धावत होतं आणि त्यातून अख्खी झाडं वाहत चालली होती. बराच वेळ वाट पाहिली. पाणी उतरेना, उलट चढतच गेलं. मागं फिरावं म्हणून ड्रायव्हरनं गाडी वळवली, थोडं अंतर गेला, तर मागच्या नाल्यालाही पाणी. आम्ही दोन पाण्यांच्या मधे अडकलो होतो.

त्या मधल्या तुकड्यात दोन-चार घरं आणि रस्त्याच्या कडेला एक चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे कवेलूंचं छप्पर, मातीच्या भिंती, पुढं बांबूचा मांडव, आत लाकडाची बाकडी आणि एक मोठी चूल. ते एक काकू चालवायच्या. त्यांचा नवरा लाकडाच्या ट्रकवर ड्रायव्हर, तो पलीकडं कुठं तरी अडकलेला. काकू धिप्पाड, पदर कमरेला खोचलेला, आवाज असा की नाल्याच्या पाण्यावरूनही ऐकू यावा. आम्हा सगळ्या भिजलेल्या माणसांकडं एकदा पाहून त्या म्हणाल्या, "या, आत या. भात टाकतो. पूर काई आज उतरत नाई."

बाया आत निजल्या, पुरुष बसमधे. सकाळी उठून मी गठ्ठा बघितला तर मेणकापडाच्या घडीत पाणी शिरलेलं. बसच्या तळातून आलं असावं. वर्तमानपत्रं पुठ्ठ्यांना चिकटली होती, कडा फुगल्या होत्या. मी एकेक चित्र सोडवून बाकड्यावर ठेवू लागले. रंग फारसे पसरले नव्हते, पण असंच ओलं राहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत बुरशी धरली असती.

काकू चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं. "काय झालं वो मास्तरीनबाई?"

"चित्रं भिजली, काकू."

"मंग वाळत घाला ना. कपडे वाळतात, तं चित्रं नाई वाळत का?"

त्यांनी खुंटीवरची दोरी काढून माझ्या हातात दिली. कंडक्टर चहा पीत बसला होता, तो उठला. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, मग तिथून चुलीमागच्या भिंतीपर्यंत त्यानं दोरी ताणून बांधली. चिमटे नव्हते. त्यानं मांडवातून एक बांबूची कामटी ओढली, तिचे वीत-वीतभर तुकडे केले आणि प्रत्येकाला मधून चीर पाडली. त्या चिरेत कागद बरोबर धरला जायचा. चुलीची ऊब लागावी म्हणून चित्रं आतल्या बाजूला तोंड करून टांगली. हत्ती, बाजार, रोवणी, नदी आणि आमच्या बल्लारपूरच्या घराचं दार. त्या दारात आई बसली होती.

टांगून झाल्यावर मी बाकड्यावर बसले. चित्रं वाळतात की नाही एवढंच माझ्या मनात होतं. हळूहळू लक्षात आलं की हॉटेलातला आवाज थांबलाय. पावसाचा होता, चुलीचा होता, माणसांचा नव्हता. मी वळून पाहिलं. सगळे दोरीकडं बघत होते. कोणी उकिडवे बसून, कोणी खांबाला टेकून, एक जण हातातली विडी विझल्याचं विसरून. पुढं सरकायची घाई कोणालाच नव्हती. जायचं होतं कुठं? पाणी उतरेपर्यंत तीच बाकडी, तोच चहा आणि तीच चित्रं. चंद्रपूरच्या हॉलमधे ज्या चित्रापुढं माणूस क्षणभर थांबला होता, त्याच चित्रापुढं इथं माणसं तास न् तास बसणार होती.  

आमच्या बसमधे एक म्हातारी होती, लेकीसोबत चंद्रपूरला निघालेली. अहेरीच्या पलीकडच्या एका गावची, गोंड घरातली. लेकीशी गोंडीत बोलायची, आमच्याशी मराठीत. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. उजेड-अंधार तेवढा कळायचा, लेकीचा हात धरून चालायची. मोठ्या दवाखान्यात डोळे दाखवायला लेक तिला घेऊन निघाली होती. म्हातारी चुलीच्या बाजूला गुडघे जवळ घेऊन बसली होती. शांतता तिलाही जाणवली.

"सारे चुप काऊन झाले वो? काय झालं?"

लेक म्हणाली, "काई नाई माय. चित्रं पाहून राह्यले सारे. या बाईनं दोरीवर टांगले हायेत."

"कायचे चित्रं?"

"हत्तीचं हाय एक."

"हत्ती काय करून राह्यला?"

"लाकूड ओढून राह्यला."

"कोनतं लाकूड?"

लेक थोडी पुढं झाली. "सागाचंच असन. लांब हाय."

"माहूत कुठी हाय?"

"वर बसला हाय. डोक्याले कपडा बांधून."

"ऊन हाय का सावली?"

याचं उत्तर लेकीला बसल्या जागेवरून देता येईना. ती उठून चित्राजवळ गेली. तिच्या मागं आणखी दोघं-तिघं उठले. "ऊन हाय," ती म्हणाली, "पन हत्ती सावलीत हाय. लाकूड उन्हात हाय."

कंडक्टरही जवळ गेला होता. तो म्हणाला, "आजी, हत्तीचा मांगचा पाय चिखलात फसला हाय. जोर लावून राह्यला तो. आता निघते पाय, का निघत नाई, असं झालं हाय."

मी तो पाय घाईत काढला होता. खाली मातीचा रंग ओढून सोडून दिला होता, चिखल असा काढलाच नव्हता. पण कंडक्टर बोलला आणि मला तिथं चिखल दिसला. हत्तीच्या खांद्यातला जोर दिसला. ते चित्र माझ्या हातचं होतं, महिनोन् महिने माझ्याच खाटेखाली पडलेलं होतं, आणि मी ते पहिल्यांदा बघत होते.

मग म्हातारीचे प्रश्न थांबेचनात. बाजारात कोण काय विकतं? मोहाची फुलं ताजी की वाळलेली? बाया हसतात का भांडतात? रोवणीत पुढं वाकलेली बाई म्हातारी का तरणी? तिला उत्तर द्यायचं म्हणून माणसं उठून जवळ जात होती, परत येऊन सांगत होती, दुसरा दुरुस्त करत होता. "मांगच्या बाईच्या हातात भाताचे परे नाईत. खाली हात हाये तिचा." "नाई, पाह्य ना नीट, लपून गेले हायेत पदरामांगं." ज्यांनी आयुष्यभर रोवणी केली ती माणसं चित्रातली रोवणी निगुतीनं तपासत होती.

मार्कंड्याच्या नदीवरून तर वादच झाला. एक वयस्क शेतकरी म्हणाला, संध्याकाळ आहे. त्याच्या शेजारचा म्हणाला, सकाळ आहे, देवळाची सावली पाहा कुठं पडली ती. दोघंही हट्टाला पेटले. एकदाही कोणी माझ्याकडं वळून विचारलं नाही. मी तिथंच बसले होते, पण ती नदी आता त्यांची होती.

म्हातारीनं दोघांचं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या चित्रात कोनाले घाई हाय का?"

दोघांनी पुन्हा चित्राकडं पाहिलं. शेतकरी म्हणाला, "नाई. घाई तं कोनालेच नाई दिसत."

"मंग सांज हाय," म्हातारी म्हणाली आणि तो वाद मिटला.

कंडक्टरला आता चेव चढला होता. "आन् आजी, पल्याडच्या काठावर एक मानूस उभा हाय. डोंग्याची वाट पाहून राह्यला."

मी तोंड उघडलं होतं. पलीकडच्या काठावर होडीची वाट बघणारं कोणीही मी काढलं नव्हतं. रात्री पाणी लागून तिथं एक लांबट डाग पडला होता, तेवढाच. पण म्हातारीनं समाधानानं मान हलवली आणि मी तोंड मिटलं.

शेवटी राहिलं घराचं चित्र. लेक म्हणाली, "घर हाय. दारात एक बाई बसली हाय."

"काय करते?"

"काई नाई करत. बसली हाय."

"काई नाई करत, असं कसं होईन?"

 तेव्हा काकू चुलीवरून उठून आल्या. हातातल्या पळीतून वरण टपकत होतं. चित्रापुढं उभं राहून त्यांनी बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"दमली हाय ते. घरचं काम सारं आटपलं हाय. आता थोडा वेळ कोनी आवाज देऊ नये, असं वाटून राह्यलं तिले."

काकू परत चुलीकडं गेल्या. मी त्या चित्राकडं बघत राहिले. काढताना माझं सगळं लक्ष दाराच्या चौकटीकडं आणि भिंतीच्या रंगाकडं होतं. आईला मी नुसतं तिथं बस म्हटलं होतं. ती कशी बसली होती हे माझ्या हातानं टिपलं होतं आणि मला कळलंही नव्हतं. एका अनोळखी बाईनं, हातात पळी घेऊन, मला माझी आई सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाणी उतरलं. चित्रं कडक वाळली होती, कडा थोड्या वाकड्या झाल्या होत्या एवढंच. मी ती दोरीवरून काढायला उठले तर काकू म्हणाल्या, "सारेच नेता का? हॉटेल उघडं उघडं वाटन आता."

मी हात आवरला. बसचा हॉर्न वाजत होता. त्या हॉलच्या उंच खिडक्या, पंखे आणि भिंतीकडेनं सरकणारी माणसं माझ्या डोळ्यांपुढं आली. मी म्हटलं, "राहू द्या काकू. सगळीच राहू द्या. पुढच्या वेळी येईन तेव्हा दुसरी आणीन."

चंद्रपूरला पोचले तेव्हा उद्घाटन होऊन गेलं होतं. प्रदर्शनाचं काम बघणारे एक सर होते, भला माणूस. त्यांनी माझ्यासाठी भिंतीवर जागा राखून ठेवली होती. माझे रिकामे हात पाहून ते म्हणाले, "अहो, चित्रं कुठं आहेत तुमची?"

"लावलीत, सर."

"कुठं?"

"आष्टीच्या पलीकडं. चहाच्या हॉटेलात."

त्यांना वाटलं मी थट्टा करते. सगळं सांगितल्यावर ते हसले, मग म्हणाले की पुढच्या खेपेला अहेरीकडं शिक्षकांच्या बैठकीला येईन तेव्हा उतरून बघेन. ते खरंच उतरले, हे मला नंतर काकूंकडून कळलं. बराच वेळ बसले म्हणे, दोन वेळा चहा घेतला.

त्यानंतर जाता-येता मी त्या हॉटेलात थांबू लागले. सुट्टीला घरी जाताना नवी चित्रं न्यायची, जुनी काही उतरवायची, काही ठेवायची. काकूंनी दिवाळीपूर्वी भिंतीला पांढरी माती सारवली आणि चित्रं दोरीवरून भिंतीवर गेली. बांबूच्या कामट्यांच्या चौकटी कंडक्टरनं करून दिल्या होत्या. चुलीचा धूर लागून कागद पिवळसर व्हायचे. नदीचं चित्र तर असं धुरकटलं की आता सकाळ म्हणायची कोणाची छाती झाली नसती. सुरुवातीला मला वाईट वाटायचं, मग वाटेनासं झालं. अहेरीच्या बाजारात अनोळखी माणसं मला थांबवून विचारायची, "बाई, ते हत्तीवालं चित्र तुमचंच ना? निघाला का पाय त्याचा?" एकदा तर एक वरात तिथं थांबली होती आणि नवरीनं डोक्यावरचा पदर मागं सारून सगळी चित्रं एकेक करून बघितली, नवरा बाहेर ट्रकपाशी ताटकळत उभा. काकू हे हसत हसत सांगायच्या. नवीन माणूस आला की त्या चहा देतानाच एखाद्या चित्राकडं बोट दाखवून द्यायच्या आणि पुढं काही बोलायच्या नाहीत.

थंडी सरता सरता मी बल्लारपूरहून अहेरीला परत चालले होते. गोंडपिपरीच्या पुढं मागच्या बाकावरून एक आवाज ऐकू आला आणि मी चमकून वळले. तीच म्हातारी होती. दवाखान्यात पावसाळ्यानंतरची तारीख मिळाली होती, एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. आता ती परत घरी निघाली होती. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, काळ्या दोऱ्यानं डोक्यामागं बांधलेला. त्या भिंगांमागं तिचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते. ती खिडकीबाहेर बघत होती आणि दिसेल ते लेकीला सांगत होती. बैल. बोर्ड. बोरीचं झाड. लेक हसून हसून होय म्हणत होती. म्हातारीनं मला ओळखलं नाही. ओळखणार कशी, तिनं मला पाहिलंच नव्हतं. मी बोलले तेव्हा तिचा चेहरा उजळला.

"चित्रवाल्या बाई! हायेत का अजून थे चित्रं?"

हॉटेलपाशी बस थांबली. मी तिचा हात धरू लागले तर तिनं हात सोडवून घेतला. स्वतःच उतरली. उंबऱ्यावर पाय जरा वर उचलून टाकला, कारण त्या भिंगांतून जमीन जवळ दिसायची. आत येऊन भिंतीपुढं उभी राहिली. काकू, मी, लेक, बसमधले आठ-दहा जण, सगळे तिच्या मागं. हत्तीपुढं ती बराच वेळ थांबली. "हा फसला पाय," असं म्हणून तिनं बोटानं हवेतच खूण केली. मग नदी बघितली. मान इकडं वळवली, तिकडं वळवली.

"डोंग्याची वाट पाह्यनारा मानूस कुठी हाय?"

मी खरं ते सांगितलं. "आजी, तो मी काढलाच नव्हता. कंडक्टरभाऊंना दिसला होता."

म्हातारी हसली. दात नसलेलं, भरभरून हसू. "मंग गेला असन. इतक्या दिवसाचा डोंगा आलाच असन ना वो."

आणि मग ती आमच्या घराच्या चित्रापुढं आली. आली आणि थांबली. तिनं चष्मा दोन्ही हातांनी धरला. आईकडं ती बघत नव्हती. आईच्या मागं भिंत होती. आमच्या वस्तीत सगळेच भिंतींना चुन्यात नीळ कालवून रंग द्यायचे. बाबांनी त्या वर्षी नीळ जरा जास्तच घातली होती, आणि मी ती तशीच काढली होती.

"हे काय हाय?"

"भिंत आहे, आजी."

"भिंत नाई. हे. हा रंग."

"निळा."

"निळा मले मालूम हाय वो." ती आणखी पुढं झाली. "पन असा?"

तिनं वळून दाराबाहेर पाहिलं. सागाची पानं गळून गेली होती, फांद्यांच्या वर सगळं आभाळ मोकळं होतं. तिनं आभाळाकडं बघितलं, मग पुन्हा भिंतीकडं, पुन्हा आभाळाकडं. जणू दोन्ही ताडून बघत होती. मोतीबिंदू डोळ्यांत उतरत गेला तसतसा निळा रंग तिच्या जगातून कधी निघून गेला हे तिलाही कळलं नसणार. इतकी वर्षं तिनं सगळं मातकट पिवळ्या उजेडात पाहिलं होतं.

"एवढे लोक सांगून राह्यले होते त्या दिवशी," ती म्हणाली, "पन निळ्याचं कोनंच नाई सांगितलं."

काकू हळूच म्हणाल्या, "आमाले रोजच दिसते ना, आजी."

 ड्रायव्हर हॉर्न वाजवायला म्हणून गाडीत चढला होता, तो परत उतरून आत आला आणि आमच्यामागं उभा राहिला. त्या जाड भिंगांमागून पाणी ओघळून म्हातारीच्या गालांवर आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती, चष्मा काढावा लागला असता म्हणून. मी तो निळा रंग नागपूरच्या दुकानातून आणला होता. बाटलीत बोट बुडवून कितीदा तरी तपासला होता, शाळेत मुलांना त्याचं नाव शिकवलं होतं. त्या दिवशी मला वाटलं, रंग म्हणजे काय हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

मी ते चित्र भिंतीवरून काढलं आणि तिच्या हातात दिलं. "घेऊन जा, आजी."

तिनं थोडा वेळ धरलं आणि मला परत दिलं. "आमच्या घरात अंधार हाय. इथंच राहू दे. आष्टीच्या बाजाराले जाईन तवा उतरून पाहीन."

ती तशी येत राहिली. लेक कधी सोबत असायची, कधी नसायची. त्या चित्रावर धूर चढला तसा काकूंनी ते चुलीपासून लांब, दाराजवळच्या भिंतीवर नेऊन लावलं. मी ते कधीच बदललं नाही.

पुढं मी हॉलच्या प्रदर्शनांतही चित्रं पाठवली, तिथलीही चार माणसं मनापासून बघायची. पण माझा जीव लागला तो जिथं माणसं कशाची तरी वाट बघत बसतात अशा जागांवर. आलापल्लीच्या एका सलूनमधे चित्रं लावली, तिथं गिऱ्हाइकांना ती आरशात उलटी दिसायची आणि दाढी झाल्यावर लोक खुर्ची वळवून पुन्हा सुलटी बघायचे. मार्कंड्याच्या जत्रेत बांगड्यांच्या दुकानाला लागून लावली. उन्हाळ्याच्या सुट्टीत बल्लारपूरला आमच्या वस्तीतल्या पिठाच्या चक्कीत लावली. चक्कीवाले भाऊ म्हणाले, "लावा, पन पिठानं पांढरे होतीन."

झालीच. पहिल्याच दिवशी सगळ्या चित्रांवर पिठाचा पातळ थर बसला. दुपारी मी कापड घेऊन पुसायला गेले आणि दारातच थांबले. आत चक्की धडधडत होती. तिच्या आवाजात शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू जात नाही. बाया आपापले डबे घेऊन नंबर लावून उभ्या होत्या. त्यांतली एक पुढं जाऊन बाजाराच्या चित्रावरचं पीठ पदरानं पुसत होती. पुसता पुसता तिला काही तरी दिसलं. ती मागच्या बाईकडं वळली आणि हातांनी सांगू लागली. डोक्यावर टोपली, असा लांब हात, अशी मान वळवलेली. दुसरीनं हातानंच विचारलं, कुठं? पहिलीनं बोट दाखवलं. मग तिसरी पुढं आली, तिनं मान जोरात हलवली, नाही, तसं नाही, आणि स्वतःच कमरेवर हात ठेवून ती बाजारातली बाई होऊन दाखवली. सगळ्या हसल्या. हसण्याचा आवाज ऐकू आला नाही, फक्त हलणारे खांदे दिसले. त्यांच्या केसांवर, भुवयांवर पीठ पडत होतं. चक्कीवाल्या भाऊंनी एकीचा डबा भरून पुढं सरकवला होता, पण तो उचलायला कोणी वळेना. मी कापड तसंच हातात धरून दारात उभी राहिले.